ध्वनियंत्रांची दुसरी घडण

ज्या ध्वनियंत्रांच्या रचनेत किमतीपेक्षा आवाजाच्या गुणवत्तेचा विचार पुढे ठेवलेला असतो त्यांना ढोबळमानाने ‘हाय-एंड’ म्हटले जाते, आणि असे यंत्र घेतल्यावर त्याचे झाकण उघडून आतले भाग बदलणे, त्याच्या बैठकीत, वीजपुरवठ्यात किंवा जोडण्यांत फेरफार करणे याला या छंदातली माणसे नुसते ‘मॉड करणे’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात उघड विसंगती दिसते. लाखो रुपये मोजून घेतलेली वस्तू उत्तम असेल तर तिला हात कशासाठी लावायचा, आणि हात लावावा लागत असेल तर तिला उत्तम का म्हणायचे, हा प्रश्न पुण्यात याच कामात सत्तावीस वर्षे घालवलेल्या प्रस्तुत लेखकाला गिऱ्हाइकांच्या घरच्या मंडळींनी असंख्य वेळा विचारला आहे. सुरुवातीच्या काळात त्याचे ठरलेले उत्तर असे की कंपन्या सुट्या भागांत पैसे वाचवतात आणि ती कसर आपण भरून काढतो. हे उत्तर खोटे नव्हते, पण फार अपुरे होते. यंत्र बनवणारा ते कोणत्याही एका खोलीसाठी बनवत नाही आणि ऐकणारा मात्र आयुष्यभर एकाच खोलीत, त्याच कानांनी, बहुधा एकाच प्रकारचे संगीत ऐकत असतो, हे समजायला या कामातली निम्मी वर्षे खर्ची पडली.

या अंतराचा सर्वांत ठळक प्रत्यय परदेशातून आलेल्या टर्नटेबलांमध्ये येतो. अमेरिकेत पंधरा-वीस वर्षे राहून परत आलेली मराठी कुटुंबे आपली यंत्रसामग्री सोबत आणतात, तिकडची ११०-१२० व्होल्टची वीज आणि इकडची २३० व्होल्टची वीज यांतला फरक त्यांना ठाऊक असतो, म्हणून ती स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे साधन, विकत घेतात आणि काम झाले असे समजतात. परंतु विजेला व्होल्टेजखेरीज वारंवारिताही असते, म्हणजे तिची दिशा एका सेकंदात किती वेळा आलटून-पालटून येते याचे माप; अमेरिकेत ते ६० हर्ट्झ आहे, भारतात ५०, आणि ट्रान्सफॉर्मर त्यात काडीचाही बदल करू शकत नाही. अनेक जुन्या टर्नटेबलांतली मोटर सिंक्रोनस जातीची असते, म्हणजे तिचा वेग थेट या वारंवारितेला बांधलेला असतो. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी इथे साधारण २७.८ फेरे घेते आणि स्वर तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक उतरतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज अशा यंत्रावर खालच्या काळी पाचच्या आसपास येतो, लय रेंगाळते, आणि तरीही काही घरांत हे महिनोन् महिने कोणाच्या लक्षात आलेले नव्हते, कारण विलंबित ख्याल मुळातच संथ असतो आणि आवाज भारदस्त झालेला ऐकणाऱ्यांना आवडलेला असतो. मोटरच्या आसावरची पुली, म्हणजे पट्टा जिच्यावरून फिरतो ती छोटी चाकी, त्या प्रमाणात मोठ्या व्यासाची करून बसवणे किंवा मोटरला स्वतंत्रपणे ६० हर्ट्झची वीज तयार करून देणारे सर्किट जोडणे हे यावरचे उपाय होत. ते केले की घरातल्या माणसांना ओळखीचा गवई पुन्हा भेटतो. यंत्रात दोष काहीच नव्हता, ते फक्त दुसऱ्या देशासाठी बनलेले होते.

व्होल्टेजची गोष्टही अशीच आहे. २२० व्होल्ट गृहीत धरून बनवलेला जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर रात्री उशिरा, आजूबाजूचा वापर कमी झाल्यावर, २४५ व्होल्टवर चालू लागतो तेव्हा व्हॉल्व्हच्या आतला कॅथोड तापवणारे ६.३ व्होल्टचे हीटर ७ व्होल्टपर्यंत जातात, आणि ज्या भागाचे आयुष्य काही हजार तासांचे असायला हवे तो लवकर थकतो. रसिक माणूस नेमका त्याच वेळी, शहर निजल्यावर, ऐकायला बसतो. अशा यंत्रात छोट्या ट्रान्सफॉर्मरचे एक वेटोळे उलट्या दिशेने मालिकेत जोडून वीस-बावीस व्होल्ट वजा करणे हा लेखकाने सर्वाधिक वेळा केलेला बदल असेल, आणि तो झाल्यावर कोणीही ‘आवाज उजळला’ असे म्हणत नाही, यंत्र मात्र वाचते.

हवामानाचा हिशेब तर बनवणाऱ्यांच्या कागदावर क्वचितच असतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या पुष्कळ स्पीकरांत वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या, कागदी शंकूभोवती पॉलियुरेथेन फोमची कडा असते. दमट हवेत हा फोम हळूहळू विघटित होतो, आणि मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात काही वर्षांतच बोट लावताच त्याचा चुरा पडावा अशी अवस्था येते. कडा बदलावी लागते हे निर्विवाद, पण पुन्हा फोमच लावायचा की पावसाळा सोसणारे रबर लावायचे, या प्रश्नापाशी दुरुस्ती संपून फेररचना सुरू होते, कारण रबर अधिक जड असते, त्याने शंकूची मूळ कंपनसंख्या सरकते आणि पेटीशी जुळवलेले तिचे नाते बिघडते. लेखकाने सुरुवातीला डोळे झाकून रबर बसवले, कारण ते टिकते. नंतर पेटीच्या मागच्या छिद्राची नळी त्यानुसार पुन्हा मोजून कापावी लागते हे ध्यानात आले, आणि आधीच्या काही स्पीकरांचा खर्ज सैल पडल्याची रुखरुख आजही आहे. क्वाड कंपनीच्या १९५७ सालच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरात तर शंकूच नसतो, पातळ पडद्यावर खर्जाच्या भागासाठी सुमारे ६००० व्होल्टचा विद्युत्भार ठेवलेला असतो, आणि दमट हवेत धूळ शिरली की हा भार गळू लागतो. असे स्पीकर बाळगणाऱ्या घरांत पावसाळ्याचे चार महिने ओलावा शोषणारे यंत्र चालू ठेवणे हादेखील मॉडचाच भाग मानला पाहिजे.

उलट काही बाबतींत इथली परिस्थिती मूळ देशापेक्षा सोयीची निघते. लिनच्या एलपी-१२ या स्कॉटलंडमध्ये बनणाऱ्या टर्नटेबलाची तबकडी आणि भुजा तीन स्प्रिंगांवर तोललेल्या असतात. ब्रिटिश घरांतल्या लाकडी जमिनीवर माणूस चालला तरी अशी स्प्रिंगांवरची तबकडी हिंदकळते, त्यामुळे तिथे ती भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवण्याची रीत पडली. पुण्यातल्या सिमेंटच्या स्लॅबवर हा प्रश्न बहुतेक उद्भवतच नाही. तरीही तिकडची मासिके वाचून भिंतीत फळ्या ठोकून घेणारे लोक होते, आणि अर्ध्या विटेच्या पडभिंतीवर, स्पीकरच्या थेट समोर ठोकलेली फळी जमिनीपेक्षा अधिक थरथरते हे त्यांना पटवायला बराच वेळ लागे.

ही उदाहरणे जागेची झाली. काळाचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे, कारण त्यातूनच या छंदातला सर्वांत मोठा गैरसमज जन्मतो. कपॅसिटर म्हणजे विद्युत्भार साठवणारा भाग, आणि त्याच्या इलेक्ट्रोलिटिक प्रकारात ओलसर रसायन असते जे उष्णतेने वाळत जाते. कामाचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा उद्योगातला मान्य ठोकताळा आहे. पंचवीस वर्षांच्या यंत्रातले असे कपॅसिटर बदलून नवे महागडे बसवले की आवाजात स्पष्ट फरक पडतो, आणि मालक त्याचे श्रेय नव्या कपॅसिटरच्या ब्रँडला देतो. वास्तविक तुलना जुन्या आणि नव्याची झालेली असते, चांगल्या आणि अधिक चांगल्याची नव्हे. १९५३ च्या क्वाड-२ सारख्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर म्हातारपणी गळू लागतो, पुढच्या केटी-६६ व्हॉल्व्हच्या नियंत्रक जाळीवर नको ते धन व्होल्टेज जाऊन पोहोचते आणि व्हॉल्व्ह अकारण तापतो. डायनाको स्टीरिओ-७० मध्ये व्हॉल्व्हला आवरून धरणारे ऋण व्होल्टेज पुरवणारा सेलेनियमचा रेक्टिफायर अशक्त होतो आणि परिणाम तोच होतो. हे भाग बदलणे म्हणजे यंत्राला त्याच्या जन्मदिवसाकडे परत नेणे होय. लेखकाने कित्येक वर्षे अशा कामाला ‘अपग्रेड’ म्हटले आणि त्या शब्दाचे दामही घेतले. आता पावतीवर ‘दुरुस्ती’ आणि ‘बदल’ असे दोन वेगळे रकाने असतात.

डायनाकोचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. १९५९ साली बाजारात आलेला हा ॲम्प्लिफायर प्रामुख्याने सुट्या भागांच्या किटच्या रूपात विकला गेला आणि घेणाऱ्याने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः डाख देऊन जोडला. ज्याने यंत्र स्वतः जोडले त्याला झाकणाचे भय नसते, आणि पुढे त्यातला एखादा भाग बदलताना आपण काही मर्यादा ओलांडतो आहोत असे त्याला वाटत नाही. मॉडिफिकेशनची परंपरा या किटच्या परंपरेतूनच वाढली. कंपन्यांनीही ती पुढे नेली: लिनने आपल्या टर्नटेबलासाठी दशकानुदशके नवे बेअरिंग, नवा वीजपुरवठा काढून ते जुन्या यंत्रात बसतील अशी व्यवस्था ठेवली, आणि मरांट्झच्या केन इशिवाता यांनी १९९० च्या दशकात आपल्याच कंपनीच्या सीडी-६३ या मध्यम किमतीच्या प्लेअरवर निवडक भाग आणि तांब्याचा मुलामा दिलेली चौकट चढवून त्याची स्वाक्षरी-आवृत्ती बाजारात आणली. कारखान्यातला अभियंता आणि छंदी माणूस यांच्यातला फरक धाडसाचा नसून मापनाच्या साधनांचा असतो, हे मात्र लेखकाला एका चुकीमधूनच शिकावे लागले.

ती चूक ऑप-ॲम्पची होती. ऑप-ॲम्प म्हणजे अतिशय लहान संकेत वाढवणारी, बहुधा आठ पायांची चिप. ती सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर काढून दुसरी लावणे अर्ध्या मिनिटाचे काम असते, म्हणून हा मॉड सर्वांत लोकप्रिय आहे. एका सीडी प्लेअरमध्ये मूळ चिपच्या जागी कितीतरी वेगवान चिप लावून दिली गेली, मालकाने आणि त्याच्या मित्रमंडळींनी तबल्याच्या चाटीची धार, सतारीच्या मींडेतली झळाळी यांची मनापासून तारीफ केली, आणि खरे सांगायचे तर लेखकालाही तसेच ऐकू आले. तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी ते यंत्र परत आले तेव्हा चिपला बोट टेकवेना इतकी ती तापलेली होती. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत्संकेताचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या साधनावर, पाहिले असता ती चिप ऐकू येण्याच्या कक्षेच्या खूप पलीकडे, काही मेगाहर्ट्झवर, अखंड आंदोलन करत होती. वेगवान चिपला पायांच्या अगदी जवळ वीजपुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो आणि तो लावलेला नव्हता. ज्या झळाळीची तारीफ झाली ती त्या बिघाडाच्या सोबतीने आलेली होती. दोन कपॅसिटर लावल्यावर आंदोलन थांबले, झळाळी गेली, आणि मालकाला ‘पूर्वीचे बरे होते’ असे वाटले. त्या दिवशी लेखकाने पैसे परत केले, पण त्याहून मोठी गोष्ट अशी घडली की स्वतःच्या कानांवरचा त्याचा विश्वास अटींना बांधला गेला.

त्या अटी नव्याने शोधाव्या लागल्या नाहीत. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि टीप यांची जाणीव मधल्या स्वरांच्या तुलनेत बदलते. म्हणून जे किंचित मोठे वाजते ते कानाला मोठे न वाटता भरीव वाटते. एक डेसिबलचाही फरक ठेवून दोन यंत्रांची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. तेव्हापासून लेखकाच्या टेबलावर कोणतीही तुलना करण्याआधी १००० हर्ट्झचा स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मीटरने जुळवले जाते, एका बाजूला १.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्या बाजूला १.०१ च्या आत, म्हणजे दशांश डेसिबलच्या आसपास. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दुहेरी अंध चाचणीची पद्धत मांडली, जिच्यात कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि बदलणाऱ्यालाही. तितकी काटेकोर सोय पेठेतल्या एका खोलीत शक्य नाही. पडद्याआड एक मुलगा जोडणी बदलतो आणि कागदावर लिहून ठेवतो, एवढेच होते. एवढ्यानेही पुष्कळ काही निवळले. जुळवलेल्या पातळीवर एका चांगल्या फिल्म कपॅसिटरच्या जागी दुसरा, किंवा एका जाड वायरच्या जागी दुसरी ओळखणारा या खोलीत सातत्याने कोणी भेटला नाही. महागड्या फ्यूजांबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

जे ओळखू आले ते बहुधा स्वस्त होते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या, म्हणजे रेकॉर्डवरच्या खाचेतले कंपन टिपणाऱ्या भागाच्या, वेटोळ्याची आणि पुढच्या वायरीतल्या कपॅसिटन्सची मिळून एक कंपनसंख्या तयार होते आणि ती ऐकू येण्याच्या कक्षेत उतरली की वरचे स्वर टोचू लागतात. वायर आखूड केली की टोचणे कमी होते, खर्च शंभर-दोनशे रुपये. खोलीचे तर याहून सोपे गणित आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली १० बाय १२ फुटांची खोली आपल्या दोन बाजूंमुळे सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झला घुमते, आणि ज्या स्पीकरच्या मागचे छिद्र नेमके ४५-५० हर्ट्झच्या आसपास जोर देण्यासाठी जुळवलेले असते तो मोठ्या दिवाणखान्यात देखणा वाजेल, या खोलीत मात्र डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच सुरात ऐकवतो. त्या छिद्रात मोज्यांची एक गुंडाळी घालणे हा लेखकाने सुचवलेल्या बदलांपैकी सर्वांत परिणामकारक ठरला. तो सुचवल्यावर दोन गिऱ्हाइके दुखावून निघून गेली. चार लाखांच्या स्पीकरला मोजे हा त्यांना अपमान वाटला.

मग राहतो तो सर्वांत नाजूक भाग, ज्यासाठी मीटर पुरत नाही आणि ज्यासाठी हा छंद जिवंत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसून किंचित गोलसर असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून अशी जागा साधली जाते की तार कंप पावताना त्या माथ्याला अलगद स्पर्श करत राहते. त्यातून उपस्वरांची जी भरगच्च मालिका उमलते तिला जवारी म्हणतात. ही मालिका मूळ स्वराच्या कितीतरी पट वर जाते आणि नेमकी त्या पट्ट्यातून वाहते जिथे अनेक स्पीकरांत वूफर आपले काम ट्वीटरच्या, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या, हाती सोपवतो. हे काम वाटून देणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. पियानो आणि व्हायोलिन ऐकून ज्या कानांनी तो जुळवला त्यांना ट्वीटर किंचित चढा असल्याने काही खटकले नसेल. तंबोऱ्यात मात्र तेवढ्याने जवारी सुटून वेगळ्या चकाकीसारखी वर तरंगू लागते आणि गवई व तंबोरा एका खोलीत बसल्यासारखे वाटत नाहीत. ट्वीटरच्या वाटेवर ओहमच्या अंशाचा रेझिस्टर घालून त्याला अर्ध्या-पाऊण डेसिबलने खाली आणणे, ऐकणे, पुन्हा थोडे उचलणे, दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकणे, यात कधी पंधरा-पंधरा दिवस जातात. एका निवृत्त शिक्षकांनी, ज्यांनी स्वतः तीस वर्षे तंबोरा लावला होता, मीटरकडे पाठ करून बसून लेखकाला चार संध्याकाळी सांगितले की अजून जवारी ‘बाहेर’ आहे. पाचव्या संध्याकाळी ते काहीच बोलले नाहीत, रेकॉर्डची बाजू संपली, आणि त्यांनी ती उलटून दुसरी बाजू लावली. असा बदल कोणत्याही कारखान्याला करता येणार नाही, कारण कारखान्याला ते शिक्षक ठाऊक नाहीत.

या कामाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, कारण तिच्याबद्दल छंदी मंडळी सहसा बोलत नाहीत. लेखकाने सुरुवातीच्या वर्षांत काढलेले जुने भाग कचऱ्यात टाकले. एका गृहस्थांच्या मृत्यूनंतर त्यांचा मुलगा ॲम्प्लिफायर घेऊन आला आणि म्हणाला की लहानपणी घरात जसा आवाज यायचा तसा हवा, आता तो वेगळाच वाटतो. तो बदल आठ वर्षांपूर्वी लेखकानेच वडिलांच्या आग्रहावरून केलेला होता, मूळ भाग उरलेले नव्हते, कोणते होते याची नोंदही नव्हती. पुण्यातल्या तापकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत शोधून त्या काळचे बरेचसे भाग मिळाले, आवाज जवळपास आला, पण मुलाच्या चेहऱ्यावरून कळत होते की तो आला नाही. त्यानंतर एक नियम कायमचा ठरला: काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून यंत्राच्या पेटीतच, उष्णतेपासून दूर, चिकटवायचा, आणि सोबत एका कागदावर तारीख, जुने मूल्य, नवे मूल्य आणि बदलण्याचे कारण लिहून ठेवायचे, व्हॉल्व्हच्या यंत्रांत मुख्य कपॅसिटर वीज बंद केल्यावरही चारशे व्होल्ट धरून ठेवतो ही सूचना लाल शाईत.

गेल्या वर्षी असेच एक यंत्र चौदा वर्षांनी परत आले. मधल्या काळात ते दोन मालकांकडून फिरून नाशिकला पोहोचले होते आणि आता त्याचा एक रेझिस्टर जळला होता. झाकण उघडले तेव्हा आत लेखकाच्या अक्षरातला कागद तसाच होता, त्याखाली टाचणीने लावलेले आणखी दोन कागद होते, वेगवेगळ्या शाईतले, अनोळखी अक्षरांतले, एकावर लेखकाने लावलेला एक भाग काढून मूळचा पुन्हा बसवल्याची तारीख आणि त्याचे कारण लिहिलेले होते, आणि ते कारण बरोबर होते. पाकिटात आता तो काढलेला भाग ठेवलेला होता. जळलेला रेझिस्टर बदलून लेखकाने चौथा कागद लावला.